लिफ्टच्या ऑइलात पाणी कुणी घातलं

हौसराव ट्रॅक्टरवर ताडपत्री बांधायचे ती डाव्या हातानं गाठ मारून. उजव्या हाताची गाठ कुणीही सोडतो आणि पुन्हा तशीच मारून ठेवतो, डाव्या हाताची उलटी गाठ दुसऱ्याला जमत नाही, असं त्यांचं म्हणणं. सत्तरी ओलांडलेला माणूस. घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या खालच्या अंगाला बारा एकर बागायत, सोसायटीत तीन वेळा संचालक, घरात कशाची म्हणून कमी नाही. तरी दारात आलेला गॅसचा सिलिंडर ते आजही स्वतःच्या काट्यावर तोलून घेतात आणि गिरणीतून आलेलं पीठसुद्धा. त्यांची बायको सोजराबाई सगळ्यांना सांगते, "लग्न ठरवताना ह्यांनी माझ्या बापाला इचारलं व्हतं, दावली तीच पोरगी देणार न्हवं?" खरंखोटं तिलाच ठाऊक, पण हौसरावांनी ते कधी नाकारलेलं नाही.

हा संशय काही उगाच अंगात शिरलेला नव्हता. ते दहा वर्षांचे असताना भावकीतल्या एकानं त्यांच्या वडिलांचा कोऱ्या कागदावर अंगठा घेतला आणि सामाईक विहिरीतली त्यांची पाण्याची पाळी कायमची लाटली. वडील भोळे होते. मरेपर्यंत ते त्या माणसाच्या घरी चहा प्यायला जात राहिले. हौसरावांना वडिलांचा राग आला तो तेव्हाच, आणि आपण असं व्हायचं नाही हेही त्यांनी तेव्हाच ठरवलं. त्यांनी ते फारच मनावर घेतलं, एवढंच.

ट्रॅक्टर चौदा वर्षांपूर्वीचा. तेव्हा तो दिवसरात्र चालायचा. मग मुलगा विश्वजीत रांजणगावच्या कंपनीत लागला आणि शिरूरला फ्लॅट घेऊन राहिला. नांगरट मोठ्या ट्रॅक्टरवाल्याला गुत्त्यानं दिली जाऊ लागली, उसाला तोडणीचं मशीन आलं, आणि हौसरावांचा ट्रॅक्टर शेडमध्ये ताडपत्रीखाली बसून राहिला. वर्षाकाठी तीस-चाळीस तास फिरला तर फिरला. मीटरवरचा तासांचा आकडा हौसराव शेडच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवत. आपल्या माघारी कुणी अर्धा तास जरी चालवला तरी कळायला पाहिजे.

ट्रॅक्टरबरोबर आलेल्या पुस्तकात लिफ्टच्या, म्हणजे मागचं अवजार उचलणाऱ्या यंत्राच्या, ऑइलाबद्दल छापलं होतं, हजार तास किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल तेव्हा बदला. या 'जे आधी होईल' शब्दांशी हौसरावांनी चष्मा लावून अन् काढून बरीच झटापट केली होती. हजार तास हे त्यांना पटत होतं. राबलं की झिजणार, त्यात काय. पण नुसतं वर्ष झालं म्हणून चाळीस लिटर चांगलं ऑइल सांडून द्यायचं? यात कंपनीचा डाव आहे, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. ज्याचा ट्रॅक्टर चालतो त्याला तासांवर गाठायचं आणि ज्याचा बसलाय त्याला वर्षावर. मागचं ऑइल बदलून पाच वर्षं झाली होती आणि भिंतीवरच्या कोळशाप्रमाणे तास झाले होते एकशे साठ. अजून आठशे चाळीस बाकी, म्हणून हौसराव निवांत होते.

त्यांना याबाबत टोकणारा एकच माणूस होता, संपत. बांधापलीकडे त्याची दीड एकर जमीन. त्यात शेवंती, झेंडू, थोडा भाजीपाला. फुलांवर भागत नाही म्हणून तो चार जणांचे ट्रॅक्टर चालवायचा. ट्रॅक्टर शिकला तो हौसरावांच्याच शेतात, त्यांच्या आधीच्या जुन्या ट्रॅक्टरवर, मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा, आणि आता तो पन्नाशीला आला होता. अख्ख्या गावात हौसरावांनी ट्रॅक्टरची चावी आपण होऊन कुणाच्या हातात दिली असेल तर ती फक्त संपतच्या. नंतर मीटर बघायचे ते वेगळं. संपतला तेही माहीत होतं आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. उलट चावी परत देताना तो स्वतःच सांगायचा, "आबा, दोन तास धा मिनिटं. जावा, बगून या."

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात सरी सोडून परत आल्यावर तो म्हणाला होता, "आबा, लिफ्ट जड चाललीया. ऑइल बदला आता. लई दिस बसून ऱ्हायलं की पाणी धरतंय ते."

"बसल्या जागी पाणी धरतंय? ऑइल हाय का रांजण?" हौसराव म्हणाले आणि विषय तिथंच राहिला.

त्या वर्षीची दिवाळी झाली. कांद्याला वाफे पाडायचे म्हणून हौसरावांनी स्वतः ट्रॅक्टर काढला, अवजार जोडलं आणि लिफ्टचा दांडा ओढला. लिफ्ट किरकिरली, वीतभर वर आली आणि खाली बसली. हौसरावांनी उतरून ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली. पट्टीवर ऑइल नव्हतंच मुळी, पांढरट दुधाळ काहीतरी होतं, चहात साय ढवळल्यासारखं.

न्हावरे फाट्यावर तेजश्रीचं गॅरेज आहे. बापामागं तिनं ते सांभाळलं, पाबळला यंत्रांचं काम शिकून आली होती आणि हात पक्का होता. हौसरावांना बाईमाणसानं ट्रॅक्टरला हात लावणं पसंत नव्हतं, पण बाकीच्या मिस्त्र्यांवर त्यांचा त्याहून कमी विश्वास. तेजश्री आली, ट्रॅक्टरखाली शिरली आणि तळाचा बोल्ट हळूहळू ढिला केला. आधी धार आली ती स्वच्छ पाण्याची. चांगलं दोन तांबे पाणी घमेल्यात पडलं आणि मग ते दुधाळ ऑइल यायला लागलं.

"पाणी हाय आबा," ती खालूनच म्हणाली. "जास्त दिवस ट्रॅक्टर बसला की..."

"ऱ्हाऊ दे," हौसराव म्हणाले. "कसं गेलं त्ये मला कळलंय."

त्यांना खरंच कळल्यासारखं वाटत होतं. दोन तांबे पाणी! दोन तांबे पाणी आपोआप येतं होय? ते कुणीतरी ओतलंय. आणि पाणी जाणार हे सहा महिने आधी कोण बोललं होतं? संपत. ज्याला होणार ते आधी माहीत, त्यानंच ते केलं, याहून सरळ हिशेब तो काय. कारणही त्यांना लगेच सापडलं. पावसाळ्याच्या तोंडाला संपत स्वतःच्या रानासाठी ट्रॅक्टर मागायला आला होता आणि हौसरावांनी दिला नव्हता. त्याचा राग. शेडची चावी कुठं अडकवलेली असते हेही त्यालाच ठाऊक. एकेक गोष्ट जागेवर बसत गेली तसं हौसरावांचं डोकं तापत गेलं. पण खरं सांगायचं तर त्या रागाच्या तळाशी त्यांना थोडं बरंही वाटत होतं. आपण इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून बसलो ते काही वाया गेलं नाही.

ते तसेच बांधावर गेले. संपत आणि त्याची बायको सुवर्णा शेवंती तोडत होते.

"माझ्या लिफ्टमदी पाणी कुणी घातलं?" हौसरावांनी विचारलं.

संपतला आधी अर्थच कळला नाही. "धरलं का पाणी? म्या म्हणलं व्हतं आबा."

"त्येच तर इचारतोय. तुला कसं ठावं व्हतं?"

संपत कमरेत वाकलेला होता, तो सरळ झाला. हातातली फुलं त्यानं पाटीत टाकली. "तुमी काय म्हणताय त्ये कळतंय का तुमाला?"

"मला कळतंय. तूच सांग, तुला कळलं का."

सुवर्णा मध्ये पडली, म्हणाली, "आबा, ह्या मानसानं तुमच्या ट्रॅक्टरला लेकरागत जपलंय." पण हौसराव पाठ फिरवून चालू लागले होते.

दुसऱ्या दिवशी ते ऑइल आणायला गेले ते दौंडला. शिरूर जवळ, पण शिरूरच्या दुकानदारांत संपतची ओळख. वीस लिटरच्या दोन बादल्या त्यांनी सील बघून, हलवून, तिथल्याच किराणा दुकानात तोलून घेतल्या आणि एस्टीत स्वतःच्या पायांशी ठेवून आणल्या. तेजश्रीनं आतली जाळी धुतली, टाकी साफ केली, नवं ऑइल भरलं. ती जाताच हौसरावांनी पोस्टाच्या पार्सलला लागते ती लाख वितळवली, ऑइल भरायच्या टोपीवर आणि मोजायच्या पट्टीवर ओतली आणि गरम लाखेवर स्वतःचा अंगठा दाबला. अंगठ्याला फोड आला. येऊ दे म्हणाले. शेडला नवं कुलूप आलं आणि त्याची चावी करगोट्याला गेली.

एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण चंपाषष्ठीला गाव खंडोबाच्या देवळात जमलं होतं, भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला होता, आणि हौसरावांनी सगळ्यांसमोर भंडाऱ्याचं ताट संपतपुढं धरलं. आमच्या भागात खंडोबाचा भंडारा हातात घेऊन माणूस खोटं बोलत नाही. बोललाच तर त्याचं वाटोळं होतं, असं मानतात.

"उचल भंडारा," हौसराव म्हणाले. "आन् म्हण, म्या पाणी घातलं न्हाई."

संपतनं ताटाकडे पाहिलं.

"पोराबाळांवर, जमिनीवर काय बेतलं असतं तर उचलला असता," तो म्हणाला. "तुमच्या ऑइलापायी म्या देव उचलायचा? तुमी मला शिकवलं आबा. तुमी मला नुसतं इचारलं असतं तरी सांगितलं असतं."

तो पायऱ्या उतरून गेला. त्याचं बोलणं बरोबर होतं, पण गावानं पाहिलं ते एवढंच, की त्यानं भंडारा उचलला नाही. दुसऱ्या दिवसापासून पारावर तेच. "कायतरी असल्याशिवाय मागं सरतो का मानूस?" पोपटराव म्हणाले. ते हौसरावांबरोबर सोसायटीत संचालक होते आणि आजही दोघांचा चहा एकत्रच व्हायचा. हळूहळू संपतच्या हातातून एकेक ट्रॅक्टर गेला. कुणी तोंडावर काही बोललं नाही. एकानं भाचा आलाय म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं ट्रॅक्टर विकायचाय म्हणून. वर्षभरात चारही चाव्या गेल्या. संपत फुलांच्या पाट्या घेऊन पहाटे टेम्पोनं जायचा, परत आला की रानात. बांधावर हौसराव दिसले तर मान खाली. सोजराबाईनं एकदा त्याला हाक मारली, तेव्हा तो "काकी, घाईत हाय" म्हणून गेला. त्या दिवशी तिनं हौसरावांचं जेवण नुसतं पुढ्यात आदळलं.

हौसराव मात्र रोज लाख बघायचे. अंगठ्याचा ठसा जसाच्या तसा. पावसाळा गेला, पुन्हा दिवाळी आली. वाफे पाडायचे म्हणून त्यांनी ट्रॅक्टर काढला, दांडा ओढला, आणि लिफ्टनं पुन्हा तोच किरकिर आवाज केला.

त्यांनी पट्टीवरची लाख फोडली. पट्टी ओढली. पांढरं.

पट्टी हातात धरूनच त्यांनी एकेक गोष्ट तपासली. फोडेपर्यंत लाख अखंड होती, कुलूप शाबूत होतं, चावी कमरेला होती. भिंतीवरचा कोळसा मीटरशी जुळत होता. संशय घ्यायला कुणी उरलाच नव्हता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हौसरावांना काय करावं ते सुचेना.

तेजश्रीला बोलावलं. या खेपेला तिनं आधी बोल्टला हात लावला नाही. "आबा, तुम्ही ह्या ट्रॅक्टरला महिनाभर काय काय करता त्ये मला करून दावा."

"महिनाभर कशाला? अवसंला पूजा करतो, बास." दर अमावस्येला ट्रॅक्टर धुवायचा, हळदकुंकू लावायचं, लिंबू-मिरची बदलायची, नारळ फोडायचा. ट्रॅक्टर चालो न चालो, चौदा वर्षांत एक अमावस्या चुकली नव्हती. तिच्या सांगण्यावरून त्यांनी सगळं करून दाखवलं. फवारणीचा पंप लावला आणि पाण्याची जोरदार धार सोडली. बोनेटवर जरा कमी, आणि सीटखाली लिफ्टवर सगळ्यात जास्त. तिथल्या ग्रीसात मागच्या अमावस्येचं कुंकू चिकटून बसायचं, ते निघाल्याशिवाय नवं कसं लावणार? ऑइल भरायच्या टोपीवर अजून शाबूत असलेल्या लाखेला धक्का लागू नये म्हणून तेवढा भाग सोडून ते बाकी सगळीकडे अगदी रगडून मारत होते. मग ट्रॅक्टर चालू केला, पाच मिनिटं ठेवला, देवाला नमस्कार म्हणून लिफ्ट तीनदा वर-खाली केली, बंद केला आणि ओल्या ट्रॅक्टरवर ताडपत्री ओढून डाव्या हाताची गाठ मारली.

तेजश्रीनं ताडपत्री पुन्हा मागं सारली आणि लिफ्टवरच्या दुसऱ्याच एका बारक्या टोपीवर बोट ठेवलं. "हितनं ट्रॅक्टर श्वास घेतो आबा. चालवला की आत गरम होतं, हवा भायेर जाते. बंद केला की गार होतं, मग हवा आत वढतो. ही टोपी फुटलीया. तुम्ही गरम केला, वरनं पाणी मारलं, आन् झाकून ठिवला. त्यानं पाणीच वढलं."

हौसराव म्हणाले, "संपतनं सांगितलं का तुला आसं बोलायला?"

"संपतमामांचं आन् माझं वरसात बोलणं न्हाई." ती चिडली होती. "आन् टोपी नवी असती तरी थोडं पाणी धरलंच असतं. पावसाळी हवा आत जाती, घाम सुटल्यागत पत्र्याला पाणी सुटतं. रोज चालणाऱ्या ट्रॅक्टरचं ऑइल तापून तापून त्ये पाणी उडून जातंय. तुमचा पाच मिनिटांत बंद. म्हणून तर बसलेल्या ट्रॅक्टरचं ऑइल तासांवर न्हाई, वरसावर बदलायचं. पावसाळा सरला की बदलून टाकायचं. मागल्या वर्सी म्या त्येच सांगत व्हते, तुम्ही ऐकून घेतलं न्हाई."

बारा अमावस्या. बारा वेळा आपल्या हातानं आपणच पाणी मारलं होतं, वर हळदकुंकू लावून. हौसराव शेडच्या उंबऱ्यावर बसले. त्यांना लाज वाटली. अंगावरचे कपडे कुणी ओढून नेल्यासारखी लाज. सोजराबाई आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "आता जा त्याच्याकडं. बसू नका."

ते गेले. संपत झेंडूला पाणी देत होता. हौसरावांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, पंप, कुंकू, टोपी. शेवटी म्हणाले, "माझं चुकलं, संपत."

संपतनं पाण्याची वाट दुसऱ्या सरीत वळवली. मग बोलला. "मला सांगून काय उपेग आबा? मला ठावंच व्हतं. ज्यांच्या म्होरं मला उभा केला त्यांच्या म्होरं सांगा."

ते बरोबर होतं. महिन्याभरानं चंपाषष्ठी आली. हौसराव पांढरं स्वच्छ धोतर नेसून देवळात गेले. संपतही आला होता, देवाला फुलं घेऊन. नैवेद्य झाल्यावर हौसराव उभे राहिले, भंडाऱ्याची मूठ भरली आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "मागल्या साली म्या संपतवर आळ घेतला. त्यानं काय केलं न्हाई. पाणी माझ्याच हातानं गेलं. भंडारा उचलून सांगतो."

देवळात कुजबुज झाली. कुणी मान डोलावली, कुणी हौसरावांच्या पाया पडलं. हौसरावांच्या छातीवरचं ओझं उतरलं. आता संपतच्या चाव्या परत येतील असं त्यांना वाटलं. ते पायऱ्यांवर चप्पल शोधत होते तेवढ्यात पोपटराव मागून आले, खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "आबा, काय मिटलं तुमचं आतल्या आत? बांधाचं का पाण्याचं?"

"काय मिटणार? खरंच माझ्याकडनं..."

"मला नका सांगू. स्वतःच्या ट्रॅक्टरमदी कुणी पाणी घालतंय का? तुमी एवढं हुशार मानूस, तुमाला भंडारा उचलायला लावला म्हंजी संपतकडं कायतरी घावलंय तुमचं. लई पोचलेला निघाला."

हौसरावांचा आवाज चढला. "आरं, आईशपथ तसं काय न्हाई! टोपी फुटली व्हती!"

"बरं, बरं, टोपी," पोपटराव म्हणाले आणि पुढं गेले. पारापाशी चार जण उभे होते, त्यांच्यात जाऊन मिसळले. त्यांतल्या एकानं वळून संपतकडे पाहिलं. हौसरावांना ती नजर ओळखीची होती. ती त्यांनीच गावाला शिकवली होती, सोसायटीच्या मीटिंगांत, उसाच्या वजनकाट्यांवर, पारावर. कोण काय बोलतं ते ऐकायचं नाही, का बोलतं ते शोधायचं, हे ते चाळीस वर्षं सांगत आले होते.

संपत फुलांची रिकामी पाटी घेऊन पायऱ्या उतरत होता. त्यानं ऐकलं होतं.

"म्या पुन्ना सांगतो त्यांना," हौसराव म्हणाले. "घरोघरी जाऊन सांगतो. इस्वास ठिवतील."

"कशापायी? जेवढं सांगाल तेवढं वाढंल." संपतचा आवाज शांत होता, राग नव्हता त्यात, आणि त्यामुळेच हौसरावांना जास्त लागलं. "तुमी सांगून मोकळं झाला आबा. मला अजून ह्या गावात ऱ्हायचंय."

तो पाटी डोक्यावर घेऊन बांधाच्या वाटेनं गेला. हौसराव देवळाच्या पायरीवर उभेच राहिले. त्यांच्या मुठीत अजून भंडारा होता आणि तो कुठं ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.